सायगॉनची खाद्यसफर, मोटारसायकलच्या मागच्या सीटवरून

व्हिएतनामच्या सहलीत हो ची मिन्ह सिटी या शहरासाठी बहुतेक प्रवासी कंपन्या दोन दिवस राखतात आणि दोन्ही दिवसांचे रात्रीचे जेवण एखाद्या भारतीय हॉटेलात उरकून टाकतात. १९७६ मध्ये शहराचे अधिकृत नाव बदलले, तरी तेथील लोक बोलताना आजही त्याला सायगॉनच म्हणतात. सांगली-मिरजेकडून जाणाऱ्यांनी या दोहोंतील निदान एक संध्याकाळ कंपनीकडून मोकळी मागून घ्यावी आणि ती मोटारसायकलवरच्या खाद्यसफरीला द्यावी. या सफरीत प्रत्येक पाहुण्यासाठी एक स्थानिक चालक असतो, पाहुणा मागच्या सीटवर बसतो, आणि साधारण चार तासांत शहराच्या तीन-चार भागांतून फिरत सहा ते दहा पदार्थ चाखून होतात. सफर रंगणार की बिघडणार हे मात्र गाडीवर बसण्यापूर्वीच, आरक्षण करताना तुम्ही काय विचारले आणि काय लिहून कळवले यावरून, बरेचसे ठरून गेलेले असते. म्हणून येथे तयारीचा भाग अधिक विस्ताराने दिला आहे.

प्रवासाच्या सोपस्कारांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मुंबईहून सायगॉनला थेट विमाने जातात आणि प्रवास सुमारे पाच तासांचा आहे. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतच्या मुदतीचा मिळतो आणि एकदाच प्रवेश करायचा असेल तर त्याचे सरकारी शुल्क २५ डॉलर आहे. हुबेहूब सरकारी वाटणारी दलालांची अनेक संकेतस्थळे यासाठी जास्त पैसे घेतात, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी पत्ता नीट तपासावा.

घड्याळाकडे मात्र लक्ष द्यायला हवे, कारण त्याचा संबंध थेट पोटाशी आहे. व्हिएतनाम आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. संध्याकाळी साडेपाचला सफर निघते तेव्हा सांगलीत चार वाजलेले असतात आणि आपले पोट अजून चहाच्याच वेळेत असते. रात्री नऊला जेवण्याची सवय असलेल्या माणसाने दुपारी दोन वाजता पोटभर थाळी घेतली, तर पहिल्या दोन ठिकाणांनंतर त्याला काहीच जाणार नाही. सफरीच्या दिवशी दुपारचे जेवण तेथील बाराच्या सुमारास आणि हलके घ्यावे. पोहोचल्याच्या दिवशीच सफर ठेवू नये, तशीच ती, मुक्काम दोन दिवसांहून मोठा असेल तर, परतीच्या आदल्या रात्रीवरही ढकलू नये. दुसरी संध्याकाळ सर्वांत सोयीची, कारण प्रवासाचा शीण उतरलेला असतो आणि जे आवडले तेथे पुन्हा जाण्यासाठी हाताशी वेळही उरतो.

दक्षिण व्हिएतनाममध्ये मे ते नोव्हेंबर पावसाळा असतो. तो पाऊस आपल्या श्रावणातल्या झडीप्रमाणे दिवसभर रेंगाळत नाही. दुपारी किंवा संध्याकाळी तासभर धो धो कोसळतो आणि थांबतो. सफरी त्यामुळे सहसा रद्द होत नाहीत आणि चालक अंगभर रेनकोट देतात. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येणाऱ्या तेत या त्यांच्या नववर्षाच्या आठवड्यात मात्र जाऊ नये, कारण बहुतेक गाडेवाले गावी गेलेले असतात आणि अर्धे शहर बंद असते.

गाडी स्वतः का चालवू नये

विश्रामबागच्या चौकातून रोज गाडी काढणाऱ्याला असे वाटणे साहजिक आहे की, गाडी भाड्याने घेऊन आपणच फिरावे, मागे बसण्यासाठी पैसे कशाला मोजायचे. तेथे गाडी भाड्याने मिळतेही, आणि भाड्याने देणारा परवाना पाहीलच असे नाही. अडचण कायद्याची आहे. आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला असतो, तर व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसारचे परवाने मानतो. म्हणजे सांगलीहून रीतसर काढून नेलेले ते पुस्तक तेथे उपयोगाचे नाही. परवाना ग्राह्य नसताना अपघात झाला, तर प्रवासविम्याची कंपनी दावा नाकारण्याची शक्यता मोठी असते. त्यात तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि शहरात सत्तर लाखांहून अधिक दुचाकी आहेत. या गर्दीला स्वतःची एक शिस्त आहे, पण ती अंगवळणी पडण्याइतका वेळ पर्यटकाजवळ नसतो. शिवाय ज्याचे लक्ष रस्त्यावर आहे, त्याला गल्लीतली शेगडी दिसत नाही.

सफर कशी निवडावी

एका व्यक्तीचा दर साधारण तीस ते ऐंशी डॉलरच्या दरम्यान असतो आणि खाणे, पाणी, हेल्मेट व हॉटेलातून नेणे-आणणे त्यातच धरलेले असते. महाविद्यालयीन विद्यार्थी चालवतात त्या सफरी स्वस्त असतात आणि गप्पांना त्या अधिक बऱ्या, असे माझे मत आहे, कारण ती मुले इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून मनापासून बोलतात. काही कंपन्यांच्या सर्व चालक स्त्रिया असतात आणि त्या आओ झाय हा पारंपरिक पेहराव करून येतात. एकट्या जाणाऱ्या स्त्रियांना किंवा मैत्रिणींच्या गटाला अशी सफर सोयीची वाटते.

आरक्षणापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात आणि उत्तर लेखी मागावे. एका वाटाड्यामागे किती पाहुणे असतील, हा पहिला प्रश्न. सहा-आठांपेक्षा मोठा गट झाला की प्रत्येक थांब्यावर निम्मा वेळ मंडळी जमवण्यातच जातो. मागे बसणाऱ्याचा विमा कंपनीने उतरवला आहे का, हेल्मेट पूर्ण आकाराचे आहे की टोपीसारखे पातळ, आणि थांबे ठरलेले आहेत की गटाप्रमाणे बदलता येतात, हेही विचारावे. थांबे बदलत नाहीत असे उत्तर आले, तर शाकाहारी माणसाने ती सफर सोडून द्यावी. शेवटचा प्रश्न चालकाच्या पिण्याविषयी असावा. व्हिएतनाममध्ये १ जानेवारी २०२० पासून वाहन चालवणाऱ्याच्या शरीरात मद्याचा अंशही चालत नाही. पाहुण्यांना बिअर मिळते, चालकाने मात्र एक घोटही घेता कामा नये. त्याने ग्लास उचललेला दिसला, तर संकोच न करता दुसरा चालक मागावा किंवा टॅक्सीने परतावे.

गुडघे किंवा कंबर दुखणाऱ्या ज्येष्ठांनी मोह आवरावा. गाडीपेक्षाही अडचण फूटभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलांची असते; त्यांवर आठ वेळा बसायचे आणि आठ वेळा उठायचे, हे सोपे नाही. अशांसाठी मोटारीतून किंवा उघड्या जीपमधून होणाऱ्या खाद्यसफरीही मिळतात.

काय खात नाही, ते पदार्थांच्या नावांनी कळवावे

आपल्याकडची मंडळी सर्वांत जास्त गफलत येथे करतात. अर्जावर ‘शाकाहारी’ असा एक शब्द लिहून ती निश्चिंत होतात. व्हिएतनामी स्वयंपाकात मांस तुकड्यांच्या रूपाने जेवढे दिसते, त्याहून जास्त ते रसात, चरबीत आणि चटणीत मुरलेले असते. नुओक माम हा अँकोव्ही जातीचे लहान मासे आणि मीठ कित्येक महिने मुरवून काढलेला पातळ अर्क तेथे जवळजवळ सर्वत्र वापरला जातो, आणि लिंबू, साखर, पाणी, लसूण व मिरची घालून केलेली चटणीची वाटी त्याच्याशिवाय होत नाही. फो या नूडल्सच्या सूपचा रस्सा गाईच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो. हू तिएउ या दुसऱ्या सूपचा रस्सा डुकराच्या हाडांचा. वरून सोडलेले कांद्याच्या पातीचे तेल पुष्कळदा डुकराच्या चरबीत केलेले असते. निखाऱ्यावर भाजलेल्या तांदळाच्या पापडावर अंडे आणि सुकी कोळंबी भुरभुरलेली असते. बान्ह मी या पावात काकडी आणि गाजराचे लोणचे दिसते, पण आतून लावलेला लेप सहसा डुकराच्या यकृताचा असतो. मांसाचे तुकडे बाजूला काढून दिलेले सूप गाडेवाल्याच्या दृष्टीने शाकाहारी ठरू शकते, आणि त्यात त्याचा लबाडीचा हेतू नसतो.

म्हणून आरक्षणाच्या पत्रात काय चालत नाही, याची यादी द्यावी: मांस, मासे, कोळंबी, माशाचा अर्क, हाडांचा रस्सा, प्राण्यांची चरबी, आणि लागू असेल तर अंडे. हीच यादी हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या माणसाकडून व्हिएतनामी भाषेत एका कागदावर लिहून घ्यावी आणि खिशात ठेवावी. बोलताना ‘आन चाय’ एवढे म्हटले तरी शाकाहारी खाणे अभिप्रेत आहे हे समजते. ‘खोंग नुओक माम’ म्हणजे माशाचा अर्क नको. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी त्याच तव्यावर आणि त्याच चिमट्याने काम होते हेही ध्यानात घ्यावे, आणि ज्यांच्या फलकावर ‘चाय’ लिहिलेले आहे अशा निखळ शाकाहारी गाड्यांवर व खानावळींतच थांबे ठेवण्यास सांगावे. सायगॉनमध्ये अशा जागा भरपूर आहेत.

त्या भरपूर असण्याचे कारण बौद्ध परंपरेत आहे. तेथील अनेक कुटुंबे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसाहार करत नाहीत. पंधरावी म्हणजे आपली पौर्णिमा आणि पहिली अमावस्येच्या लगतची. कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. या दोन दिवशी एरवी मांस विकणारे काही गाडेसुद्धा शाकाहारी पदार्थ मांडतात. शाकाहारी कुटुंबाने सहलीच्या तारखा ठरवतानाच घरची दिनदर्शिका उघडावी आणि सफरीची संध्याकाळ पौर्णिमेला येते का, ते पाहावे.

सांगली जिल्ह्यात जैन समाज मोठा आहे, त्यांच्यासाठी आणखी एक उपयुक्त गोष्ट सांगायला हवी. बौद्ध परंपरेतील कडक शाकाहारात कांदा, लसूण आणि त्या वर्गातल्या उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य असतात, त्यामुळे ‘कांदा-लसूण नको’ ही मागणी तेथील शाकाहारी खानावळीत कोणाला विचित्र वाटत नाही. गाजर, पांढरा मुळा आणि अळूचे कंद मात्र सर्रास वापरले जातात, तेव्हा कंदमुळांचे वेगळे सांगावे लागते. टोफू, मशरूम, मोड आलेले मूग, केळफूल आणि ताज्या पालेभाज्या एवढ्यावरही चांगले जेवण होते.

मांसाहार करणाऱ्यांनीही निष्काळजी राहू नये. आपल्याकडे मांसाहारी म्हणजे बहुधा मटण, कोंबडी आणि मासे. तेथे मांसाहारी म्हणजे आधी डुक्कर आणि गाय. बकऱ्याचे मटण नेहमीच्या गाड्यांवर जवळजवळ नसते. गोमांसाला ‘बॉ’, डुकराच्या मांसाला ‘हेओ’, कोंबडीला ‘गा’, माशाला ‘का’ आणि कोळंबीला ‘तोम’ म्हणतात. एवढे पाच शब्द पाठ केले तरी पुष्कळ काम भागते. ‘फो बॉ’ नको असेल तर ‘फो गा’ मागता येतो. गोमांस आणि डुक्कर दोन्ही नको असणाऱ्यांनी वाटाड्याला सांगून सफरीचा भर समुद्री खाण्यावर ठेवावा, कारण त्यांच्यासाठी सायगॉनमधली सर्वांत मोकळी जागा तीच आहे. शेंगदाण्याचा त्रास असणाऱ्यांनी ते ठळकपणे कळवावे. दाण्याचे कूट तेथे आपल्यासारखेच कशावरही पडते.

गाडीवर बसताना

दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे लागते. एका बाजूला पाय सोडून बसण्याची आपल्याकडच्या स्त्रियांची सवय तेथे चालत नाही, म्हणून साडी किंवा पायघोळ ओढणी टाळून पँट किंवा सलवार घालावी. सैल चपलेऐवजी पायात घट्ट बसणारी सँडल असावी. हेल्मेटची सक्ती १५ डिसेंबर २००७ पासून चालक आणि मागचा अशा दोघांनाही आहे. पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जाईल इतकाच सैल ठेवावा.

गाडीचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो आणि तासभर चाललेल्या गाडीचा चटका पोटरीला चांगला फोड आणतो, म्हणून चढणे-उतरणे डावीकडूनच करावे. आपल्याकडे गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला थांबते, त्यामुळे डावीकडे उतरले की आपण कडेलाच उतरतो. तेथे गाडी उजव्या कडेला थांबते आणि डावीकडे उतरणारा वाहत्या रहदारीत पाय टाकतो. चालक गाडी पदपथावर चढवून पूर्ण थांबेपर्यंत आणि स्वतः खूण करेपर्यंत बसून राहावे, आणि उतरण्यापूर्वी मागे वळून पाहावे.

मागच्या कडीला एका हाताने धरावे, अंग सैल ठेवावे आणि वळणावर चालकाच्या उलट बाजूला झुकू नये. गर्दीत वेग ताशी वीस-तीस किलोमीटरच्या वर क्वचित जातो. समोरून गाड्या येत असताना आपला चालक न थांबता त्यांच्यामधून हळूहळू वाट काढतो, हे पहिल्यांदा छातीत धडकी भरवणारे असते. दहा मिनिटांत लक्षात येते की कोणीच एकाएकी वेग बदलत नाही, आणि सगळे त्यावरच चालले आहे. रस्ता पायी ओलांडताना हाच नियम पाळावा: सावकाश, एकाच चालीने, मागे न हटता. चालत्या गाडीवर मोबाइल बाहेर काढू नये. गाडीवरून येऊन मोबाइल किंवा पर्स हिसकावण्याचे प्रकार त्या शहरात होतात. छायाचित्रे थांब्यावर काढावीत आणि पर्सचा पट्टा गळ्यातून तिरपा घेऊन ती पुढे, चालकाच्या व आपल्या मध्ये ठेवावी.

वाट आणि थांबे

जुलै २०२५ मध्ये व्हिएतनामने जिल्हा ही प्रशासकीय पातळी रद्द केली, तरी सायगॉनमधले लोक पत्ता सांगताना अजूनही शहराच्या विभागांना दिलेल्या जुन्या जिल्हा-क्रमांकांनीच बोलतात, आणि येथेही तेच क्रमांक वापरले आहेत. पर्यटकांची हॉटेले पहिल्या जिल्ह्यात, १९१४ मध्ये सध्याच्या जागी उघडलेल्या बेन थान्ह बाजाराच्या आसपास असतात. याच परिसरात तमिळ लोकांनी बांधलेले मरिअम्मनचे मंदिर आहे. सफरीआधी वेळ असेल तर पायी जाऊन दर्शन होते. खाण्यासाठी मात्र पहिल्या जिल्ह्यात रेंगाळणाऱ्या सफरीला माझी पसंती नाही, कारण तेथे पायी कोणालाही जाता येते. मोटारसायकलचा फायदा तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि दहाव्या जिल्ह्यांतल्या त्या गल्ल्यांत आहे, जेथे मोटार शिरत नाही आणि परक्या माणसाला वाट सापडत नाही.

सुरुवात तिसऱ्या जिल्ह्यातल्या बान को बाजाराच्या गल्ल्यांतून व्हावी. तेथे हलके पदार्थ मिळतात: पारदर्शक तांदळाच्या पापडात नूडल्स, पाला आणि कोळंबी गुंडाळलेले गॉय कुओन, आणि शाकाहाऱ्यांसाठी टोफूचे तसेच गुंडाळे. त्याच जिल्ह्यात, ११ जून १९६३ रोजी थिक क्वांग डक या बौद्ध भिक्षूने तत्कालीन सरकारच्या धार्मिक दडपशाहीविरुद्ध भर चौकात आत्मदहन केले त्या ठिकाणी, त्यांचे स्मारक आहे. अनेक सफरी तेथे थोडा वेळ थांबतात. तेथे आवाज खाली ठेवावा आणि गाडीवर बसून छायाचित्रे काढू नयेत.

मग बान्ह सेओ. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि हळद यांचे पातळ पीठ तापलेल्या कढईत ओतून केलेले हे घावनासारखे कुरकुरीत प्रकरण सांगलीकराला सर्वांत लवकर आपलेसे वाटते, आणि त्याचा पिवळा रंग पाहिल्यावर मार्केट यार्डातले हळदीचे सौदे आठवल्यावाचून राहत नाहीत. आत मोड आलेले मूग, भिजवलेली मूगडाळ, कोळंबी आणि डुकराचे मांस असते. शाकाहारी प्रकारात मांसाच्या जागी मशरूम व टोफू घालतात. ते काट्याने खायचे नसते. हाताएवढा तुकडा तोडावा, मोहरीच्या किंवा सॅलडच्या मोठ्या पानात ठेवावा, वरून दोन-तीन प्रकारचा पाला घालावा, घट्ट गुंडाळी करावी आणि चटणीत बुडवून खावी. चटणी माशाच्या अर्काची असते, म्हणून शाकाहाऱ्यांनी सोया सॉसची वेगळी वाटी मागावी. पाल्याच्या टोपलीत हृदयाच्या आकाराचे एक पान असते, दिएप का नावाचे, त्याला माशासारखा वास येतो. ते निव्वळ पान आहे, तेव्हा घाबरून टोपली परत पाठवण्याचे कारण नाही. आवडले नाही तर बाजूला ठेवावे. पोट नाजूक असलेल्यांनी पहिल्या दिवशी कच्चा पाला बेतानेच घ्यावा.

प्रत्येक थांब्यावर एक प्लेट दोघांत घ्यावी आणि आवडली तरी दुसरी मागवू नये. हा नियम कठोर वाटतो, पण पाचव्या थांब्यापर्यंत पोहोचायचे असेल तर त्याला पर्याय नाही. आग्रह करकरून वाढण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती तेथील वाटाड्यांनाही आहे, आणि हात आडवा धरून नको म्हटले तरी ते रागावत नाहीत.

दहाव्या जिल्ह्यातल्या हो थी की या घाऊक फुलबाजारातून गाडी जाते तेव्हा दलातच्या थंड डोंगराळ भागातून आलेल्या फुलांचे भारे दोन्ही बाजूंना रचलेले असतात. लागूनच खाण्याची गल्ली आहे आणि जवळच कंबोडियातून परतलेल्या व्हिएतनामी कुटुंबांचा बाजार. येथे भोपळा पोखरून आत नारळाच्या दुधाचे व अंड्याचे कस्टर्ड भरलेला गोड पदार्थ मिळतो. भाजलेल्या पापडाचा गाडाही येथे सापडतो: निखाऱ्यावर सतत फिरवत ठेवलेला तांदळाचा पापड, त्यावर अंडे, कांद्याची पात, मिरचीचा सॉस. सुकी कोळंबी नको असेल तर पापड जाळीवर पडण्यापूर्वीच सांगावे, नंतर उपयोग नाही.

पाचव्या जिल्ह्यातले चो लोन हे सायगॉनचे चिनी शहर. थिएन हाउ या सागरदेवतेच्या मंदिरात छताला टांगलेल्या उदबत्त्यांच्या मोठमोठ्या वेटोळ्यांखालून फिरण्यासाठी दिवसाची सफर बरी, कारण संध्याकाळी मंदिर बंद झालेले असू शकते. रात्री येथे बोत चिएन खावे. तांदळाच्या पिठाची उकडलेली वडी चौकोनी कापून तव्यावर अंड्याबरोबर खरपूस परततात आणि वर कच्च्या पपईचा कीस घालतात. शाकाहाऱ्यांनी अंडे घेत नसल्यास ते आधी सांगावे.

चौथा जिल्हा शेवटी ठेवावा. तेथील विन्ह खान्ह रस्ता संध्याकाळनंतर शिंपले, गोगलगायी, खेकडे आणि कालवे यांनी भरून जातो. शिंपले लेमनग्रासबरोबर वाफवतात, गोगलगायी नारळाच्या दुधात किंवा लोणी-लसणात परततात, आणि त्या टाचणीने शंखातून ओढून काढाव्या लागतात. सोबत मीठ, मिरपूड आणि लिंबाची पूड-चटणी येते. जगात सर्वाधिक काळी मिरी पिकवणारा देश व्हिएतनाम आहे आणि ती ताजी किती चांगली लागते, हे या वाटीत कळते. येथेच कोणीतरी आत वाढलेल्या पिल्लासह उकडलेले बदकाचे अंडे पुढे करील आणि खाऊन दाखवा म्हणेल. नको असेल तर हसून नको म्हणावे. पाहुण्यांपैकी निम्मे तेच करतात.

कोल्हापुरी-सांगलीच्या जिभेला दक्षिण व्हिएतनामी जेवण गोडसर वाटते, कारण त्यात साखर आणि नारळ सढळ असतो. तिखट प्रत्येक टेबलावर वेगळे ठेवलेले असते, ताज्या मिरचीचे काप किंवा मिरचीचे तेल, ते आपल्या अंदाजाने घ्यावे. पिशवीतून आणलेली चटणी मात्र निदान पहिला घास गिळेपर्यंत बाहेर काढू नये.

पाणी बाटलीतलेच प्यावे. मध्ये आरपार भोक असलेला नळकांड्यासारखा बर्फ कारखान्यातून येतो आणि तो सहसा चालतो. लादी फोडून घातलेला बर्फ टाळावा. गर्दीच्या गाड्यावर, समोर तव्यावरून उतरलेले गरम खाणे सर्वांत सुरक्षित. उसाचा रस तेथेही मिळतो, त्यात छोटे आंबट संत्रे पिळतात. शेवटी च्ये हा कडधान्ये, जेली आणि नारळाचे दूध घातलेला थंड गोड पदार्थ घ्यावा. रोबस्टा बियांची, घट्ट गोड दूध आणि बर्फ घातलेली कॉफी रात्री दहाला प्यायची की नाही, हे ज्याने त्याने आपल्या झोपेला विचारून ठरवावे. ती आपल्या फिल्टर कॉफीहून बरीच कडक असते.

पैसे आणि नंतरचे

एका रुपयाला सुमारे तीनशे डोंग पडतात, त्यामुळे शून्यांची सवय होईपर्यंत गोंधळ उडतो. २० हजारांची आणि ५ लाखांची, अशा दोन्ही नोटा निळसर आहेत आणि गाड्यावरच्या मंद उजेडात एकीऐवजी दुसरी सहज दिली जाते. मोठ्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात. सफरीच्या दरात खाणे धरलेले असल्याने खिशात थोडे डोंग पुरतात. टेबलावर न मागता ठेवलेले शेंगदाणे, उकडलेली लावी पक्ष्याची अंडी आणि ओला रुमाल यांचे पैसे लागतात, हे स्वतंत्रपणे खाताना लक्षात ठेवावे. बक्षिसी सक्तीची नाही. द्यायची असेल तर चालकाच्या हातात वेगळी आणि वाटाड्याच्या हातात वेगळी द्यावी, कारण एकत्र दिलेली रक्कम कशी वाटली जाईल ते आपल्या हाती नसते. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचू नयेत. मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्यांसारखे ते दिसते. छायाचित्रापूर्वी गाडेवालीकडे पाहून परवानगीची खूण करावी.

हॉटेलवर परतण्यापूर्वी वाटाड्याकडून आवडलेल्या दोन-तीन ठिकाणांचे पत्ते लिहून घ्यावेत आणि ते नकाशावर त्याच्यासमोरच खुणावून ठेवावेत. सायगॉनमधल्या पत्त्यात २८४/२५ असे तिरक्या रेघेचे आकडे येतात. याचा अर्थ मुख्य रस्त्यावरच्या २८४ क्रमांकाजवळून आत जाणारी गल्ली आणि त्या गल्लीतले २५ क्रमांकाचे घर. टॅक्सीवाल्याला पूर्ण आकडा दाखवावा, गल्लीच्या तोंडाशी उतरावे आणि आत चालत जावे. पत्त्याबरोबर वेळही विचारून लिहावी, कारण एकाच पदपथावर सकाळी तुकडा तांदळाचा भात विकणारी बाई दहा वाजता आपले सामान आवरते, दुपारी तेथे कॉफीची गाडी उभी राहते, आणि तुम्ही रात्री जेथे बान्ह सेओ खाल्ले तो गाडा संध्याकाळी पाचच्या आधी लागतच नाही.